पॅक-मॅनचं जुनं मशीन: पैसे कुठे जातात आणि कुठे वाचतात

"चालू नाही, पण बहुतेक फक्त फ्यूज गेलाय." अमेरिकेत जुन्या आर्केड मशीनच्या जाहिराती चाळू लागलात की हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं. फ्यूजची किंमत डॉलरभर आणि तो बदलायला पाच मिनिटं. चालू मशीनला बंद मशीनपेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. नुसता फ्यूज गेला असता, तर विकणाऱ्याने तो बदलूनच जाहिरात दिली असती. म्हणून बंद मशीनची किंमत ठरवताना आतल्या तीन महागड्या गोष्टी, म्हणजे पिक्चर ट्यूब, गेमचा बोर्ड आणि लाकडी खोकं, या तिन्हींवर खर्च करावा लागणार असं धरून चाला. त्यातली एखादी चांगली निघाली तर तेवढे पैसे वाचले.

बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजमध्ये नाणं टाकून चालणारं, लाकडी, जुनं मशीन पुन्हा उभं करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा हिशोब मांडतो आहे. महाराष्ट्रात राहून हे करू पाहणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे, कारण तिथलं गणित पुष्कळ निराळं आहे. उदाहरणासाठी एकच मशीन घेतो: मिडवे कंपनीचं १९८० सालचं उभं पॅक-मॅन.

नामकोच्या तोरू इवातानी यांचा हा खेळ १९८० मध्ये जपानात आला आणि त्याच वर्षी शिकागोजवळच्या मिडवेने अमेरिकेसाठी त्याची कॅबिनेट बनवायला घेतली. ती प्रचंड संख्येने खपली, आणि त्याचा फायदा आज आपल्याला होतो. जे मशीन गल्लोगल्ली होतं, त्याचे सुटे भाग आजही नव्याने बनतात: बाजूच्या चित्राची स्टेन्सिलं, वरची उजळणारी नावाची पट्टी, पडद्यापुढची काच, जॉयस्टिक, बोर्डावरच्या नामकोच्या खास चिपना पर्यायसुद्धा. कमी खपलेल्या गेमचं मशीन घेताना स्वस्त मिळतं आणि मग एका काचेसाठी वर्षभर शोध चालू राहतो. अटारीच्या टेम्पेस्टसारखी (१९८१) रंगीत व्हेक्टर मॉनिटरची मशीनं तर पहिल्याच कामाला घेऊ नयेत. त्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत थेट रेषा काढत फिरतो. चित्र डोळ्यांचं पारणं फेडतं, पण तो मॉनिटर जळण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे आणि तो दुरुस्त करणारे हात आता थोडे उरले आहेत.

पॅक-मॅनचे भाव साधारण असे दिसतात. बंद, पण सगळे भाग जागेवर असलेलं मशीन ५०० ते ८०० डॉलर. चालू, पण रंग उडालेलं आणि कडा झिजलेलं १,००० ते १,६०० डॉलर. कुणीतरी जीव ओतून पूर्ण नीट केलेलं २,००० ते ३,००० डॉलर, कधी त्याहून जास्त. गाव, मोसम आणि विकणाऱ्याची घाई यांनुसार आकडे वरखाली होतात. पण पहिल्या आणि शेवटच्या भावातलं अंतर नीट पाहा. सुट्या भागांचा आणि बाहेरून करून घेतलेल्या कामांचा खर्च जवळजवळ तेवढाच होतो, आणि तुमचे कित्येक शनिवार-रविवार त्यात धरलेले नसतात. तेव्हा केवळ खेळायला मशीन हवं असेल तर नीट केलेलं विकत घ्या, ते स्वस्त पडेल. पॅनेल उघडून आतल्या तारा समजून घेण्यात ज्याला रस आहे, त्यानेच बंद मशीनच्या वाटेला जावं. चार-पाच दशकांपूर्वीचं यंत्र पुन्हा खेळतं करणं हे मोलाचं काम आहे, पण नफ्यासाठी करू नये.

खरेदीचा एक नियम मी सगळ्यांना सांगतो. जे तुम्हाला दुरुस्त करता येत नाही, ते चांगल्या स्थितीतलं विकत घ्या. फाटलेली चित्रं, तुटलेली जॉयस्टिक, हरवलेली किल्ली, जळका फ्यूज, मेलेला दिवा यांनी घाबरू नका, कारण हे सगळं पैसे टाकले की मिळतं. ट्यूब मिळत नाही. या मापाच्या रंगीत पिक्चर ट्यूब आता घाऊक बनत नाहीत, म्हणजे गेलेल्या ट्यूबला दुसऱ्या जुन्या मशीनमधली किंवा जुन्या टीव्हीतली जुळणारी ट्यूब शोधणं हाच उपाय. ती शोधून डिफ्लेक्शन कॉइलशी जुळवणं हे पहिल्या मशीनवर शिकण्याचं काम नाही.

म्हणून मशीन बघायला जाताना टॉर्च, मल्टिमीटर आणि चार पाने-स्क्रूड्रायव्हर सोबत घ्या. मागचं दार उघडायला सांगा. दाराची किल्ली नसेल आणि विकणारा कुलूप तोडू देत नसेल, तर मशीन तुम्ही आत न बघताच घेत आहात असं समजून भाव करा. आत पाहिल्यावर ट्यूबच्या बारीक मानेवर टॉर्च मारा. मानेजवळच्या काचेवर आतून एक चंदेरी डाग असतो. तो आरशासारखा चकचकीत असेल तर ट्यूबमधली निर्वात पोकळी शाबूत आहे. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे आणि ट्यूब संपली. ही तपासणी फुकट होते आणि तिच्यामुळे तीन-चारशे डॉलर वाचू शकतात.

मग पुढून काचेकडे बघा. मशीन बंद असतानाही पडद्यावर पॅक-मॅनचा चक्रव्यूह अंधुक दिसत असेल, तर तीच आकृती वर्षानुवर्षं एकाच जागी दिसत राहिल्याने आतला फॉस्फर जळला आहे. पॅक-मॅनच्या बहुतेक मूळ ट्यूबना हा डाग असतो. गेम चालू झाला की तो डाग चित्राच्या रेषांखाली बराचसा झाकला जातो, त्यामुळे माझ्या मते थोडा डाग चालवून घ्यावा. पडद्यावर दुसऱ्याच एखाद्या गेमची आकृती जळलेली दिसली, तर मात्र मॉनिटर किंवा अख्खं मशीन इकडचं तिकडे झालेलं आहे. ऐंशीच्या दशकात एका खेळाची कमाई घटली की मालक त्याच खोक्यात दुसरा खेळ बसवत, आणि अशी कितीतरी पॅक-मॅनची खोकी दुसऱ्या गेमच्या रंगाखाली दडलेली आहेत. असं रूपांतर झालेलं मशीन मूळ रूपात आणायचा खर्च फार मोठा, कारण बोर्ड, तारा, काच, कंट्रोल पॅनेल सगळं नव्याने जमवावं लागतं.

लाकडासाठी खाली वाका. ही कॅबिनेट बहुतांशी भुसा दाबून केलेल्या फळ्यांची किंवा प्लायवूडची असतात. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं की तळाचे कोपरे फुगतात, पापडासारखे पोपडे सुटतात. दोन-तीन इंचांपर्यंतची फूग कापून तिथे नवा तुकडा जोडता येतो. ती त्याहून वर गेली असेल, किंवा खोक्याला कुबट वास असेल, तर किंमत निम्म्यावर आणा नाहीतर नमस्कार करून निघा.

हे झालं की वाहतुकीचा प्रश्न येतो, आणि पहिल्यांदा घेणारे लोक तो हटकून विसरतात. मशीनचं वजन शंभर किलोच्या वर असतं. स्वतःची व्हॅन, दोन चाकांची हातगाडी आणि एक धडधाकट मित्र असेल तर पेट्रोल आणि जेवणावर भागतं. दुसऱ्या राज्यातून ट्रकने मागवलंत तर साधारण ३०० ते ५०० डॉलर. म्हणून दोन तासांच्या अंतरातलं थोडं महाग मशीन लांबच्या स्वस्त मशीनपेक्षा बरं. बेसमेंटचा जिना किती रुंद आहे, वळणावर किती जागा आहे, हे आधी टेपने मोजा.

घरी आणल्यावर लगेच प्लग लावायचा मोह आवरा. आधी प्रत्येक फ्यूज बाहेर काढून त्यावरचा अँपिअरचा आकडा खोक्यावर लिहिलेल्या आकड्याशी ताडा. जुन्या काळी घाईत मोठा फ्यूज किंवा वर्खाचा कागद गुंडाळून मशीन चालू ठेवलेली उदाहरणं आजही सापडतात, आणि त्यातूनच पुढे तारा जळतात. प्लगची अर्थची पिन कापलेली असेल तर नवी वायर घाला. नवी वायर आणि प्लग दहा-पंधरा डॉलरमध्ये येतात. नंतर बोर्ड आणि मॉनिटर दोन्ही सोडवून, फक्त ट्रान्सफॉर्मरला वीज देऊन मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. ते ठीक असेल तरच पुढचा भाग जोडायचा. काहीही सोडवण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक स्क्रू नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा.

पॅक-मॅनची एक जुनी खोड इथे सांगायला हवी. या मशीनमध्ये तळाच्या ट्रान्सफॉर्मरमधून कमी व्होल्टेजचा एसी प्रवाह थेट बोर्डाकडे जातो आणि त्याचा डीसी बोर्डावरच होतो. बराच मोठा प्रवाह बोर्डाच्या कडेच्या जोडणीतल्या दोन-चार पिनांतून जातो, त्या तापतात, आणि दशकानुदशकं तापून काळ्या पडतात. चित्र थरथरणं, गेम मधूनच पुन्हा सुरू होणं, बोर्ड "खराब" वाटणं, यातल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ या जळक्या पिनांत असतं. नवा कनेक्टर आणि पिना २० ते ३० डॉलरमध्ये मिळतात. बोर्डाची सोन्याचा मुलामा दिलेली टोकं झिजली असतील तर ती पुन्हा बसवून घ्यावी लागतात. कुणी याऐवजी आधुनिक स्विचिंग पॉवर सप्लाय आणि छोटा जोडबोर्ड वापरतं. ५० ते ८० डॉलरमध्ये ही उष्णतेची कटकट कायमची मिटते. मूळ रचना जपायची की निर्धास्त चालवायचं, हा ज्याचा त्याचा निर्णय. मला स्वतःला जुना कनेक्टर दुरुस्त करून मूळ रचना ठेवणं आवडतं, पण मुलं रोज खेळणार असतील तर स्विचिंग सप्लाय घ्या.

आता मॉनिटर. या कामात सगळ्यात जास्त भीती, सगळ्यात जास्त समाधान आणि खर्चाचा मोठा भाग इथेच आहे. पॅक-मॅनमध्ये बहुधा इलेक्ट्रोहोमचा जी-०७ किंवा वेल्स-गार्डनरचा के-४६०० मालिकेतला १९ इंची मॉनिटर सापडतो, उभा बसवलेला. जुन्या रंगीत टीव्हीचाच हा भाऊ. त्याचा चेसिस, म्हणजे मागचा सर्किट बोर्ड, ठरावीक वाटांनी बिघडतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आपले मेकॅनिक ज्यांना कंडेन्सर म्हणत, ते वाळून जातात. उष्णतेने डाखाचे सांधे तडकतात, म्हणजे ड्राय सोल्डर होतं. आणि फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही दुरुस्तीच्या भाषेतला ईएचटी, चिरतो. जी-०७ त्यासाठी विशेष बदनाम आहे. चित्र दोन्ही बाजूंनी आत ओढलं जातंय, वरचा भाग दुमडतोय, रंग एकमेकांत ओघळतायत, असं दिसलं तर बहुतेक वेळा कंडेन्सरच दोषी असतात.

सगळ्या कंडेन्सरचा संच १५ ते २५ डॉलरला मिळतो, नवा फ्लायबॅक ३० ते ४५ डॉलरला, आणि हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर पाच डॉलरच्या आत. म्हणजे शंभर डॉलरच्या आतल्या सुट्या भागांनी मॉनिटर पुन्हा तरुण होऊ शकतो. हेच काम पोस्टाने चेसिस पाठवून जाणकाराकडून करून घेतलं तर १०० ते २०० डॉलर. या दोन आकड्यांमधला फरक केवळ मजुरीचा नाही. ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो ट्यूबमध्ये साठून राहू शकतो. तो उतरवण्याची पद्धत आहे: प्लग काढलेला, एक हात पाठीमागे, जाड मुठीचा इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर तारेने मॉनिटरच्या लोखंडी चौकटीला जोडलेला, आणि त्याचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली हलकेच सरकवलेलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा तेच. पण ही चार वाक्यं वाचून कुणी हे करू नये. पहिल्यांदा कुणा जाणत्याला समोर करताना पाहा, दुसऱ्यांदा त्याच्या देखरेखीखाली स्वतः करा. असा माणूस ओळखीत नसेल तर चेसिस काढण्याचं कामही मेकॅनिककडूनच करून घ्या. ५० डॉलर वाचवायला जीव पणाला लावू नका. डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि ट्यूबची मान कधीही धरू नका. मान तुटली की ट्यूब गेली.

आणखी एक सुरक्षेची गोष्ट, जी खर्च वाचवायच्या नादात राहून जाते. या मॉनिटरचा चेसिस आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधूनच चालवायचा असतो, कारण चेसिसचा काही भाग थेट मुख्य विजेशी जोडलेला असतो. मशीनमध्ये तो ट्रान्सफॉर्मर असतोच, पण मागच्या कुणा मालकाने तारा बदलताना तो वगळलेला नाही ना, हे मोजून पाहा.

ट्यूब खरंच गेली असेल तर काय? बरेच जण एलसीडी बसवायचं सुचवतात. आर्केड बोर्ड सुमारे १५ किलोहर्ट्झचा सिग्नल देतो आणि साधा कॉम्प्युटर मॉनिटर तो घेत नाही, म्हणून मध्ये २५-३० डॉलरचा कन्व्हर्टर लागतो. तयार एलसीडी संच १५० ते २५० डॉलरला मिळतो. स्वस्त टीएन पॅनेल उभं फिरवलं की एका बाजूने रंग काळवंडतात, म्हणून आयपीएस पॅनेलच घ्या. तरीही माझं मत सांगतो: ट्यूब जिवंत असेल तोवर ती काढू नका. १९८० च्या पॅक-मॅनचे रंग ट्यूबच्या चमकेसाठी आणि तिच्या किंचित पसरणाऱ्या ठिपक्यांसाठी निवडलेले आहेत. एलसीडीवर तोच चक्रव्यूह रेखीव दिसतो, पण त्यातली ऊब निघून जाते. आणि एलसीडी बसवलाच, तर काढलेला मॉनिटर भंगारात देऊ नका. दुसऱ्या कुणाचं मशीन त्यावर उभं राहील.

बोर्डाबद्दल थोडक्यात. मेंदू झेड-८० प्रोसेसर, अजूनही सहज मिळणारा. सॉकेटमध्ये बसवलेल्या चिप हलक्या हाताने काढून, पाय साफ करून पुन्हा बसवल्या तरी पुष्कळ बोर्ड जागे होतात. त्याला खर्च शून्य. पडद्यावर कचरा दिसत असेल आणि जोडणी, व्होल्टेज ठीक असेल, तर बोर्ड दुरुस्तीला पाठवा. साधारण १०० ते १५० डॉलरमध्ये काम होतं. दुरुस्तीऐवजी ६० गेम एकत्र असलेला स्वस्त मल्टिगेम बोर्ड बसवायचा सल्ला मिळेल. त्यातले गेम विनापरवाना नकला असतात आणि त्यांचा आवाज, वेग, रंग मूळ बोर्डाशी जुळत नाहीत. फक्त पॅक-मॅन खेळायचा असेल तर मूळ बोर्डच दुरुस्त करा. दुसऱ्या काही मशीनमध्ये बोर्डावर बॅटरी असते आणि ती वेगळी डोकेदुखी आहे. विल्यम्सच्या डिफेंडरमध्ये (१९८१) ती गळून बोर्ड खाते, तर कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डांवर ती संपली की गेम सुरूच होत नाही, कारण प्रोग्राम उलगडायची किल्ली बॅटरीवर जपलेली असते. असं मशीन घेताना बॅटरी केव्हा बदलली, हा पहिला प्रश्न विचारा.

लाकूड आणि चित्रं. लोक इथे सगळ्यात आधी खर्च करतात आणि तो सगळ्यात शेवटी करायचा असतो. नवी चित्रं लावून चकचकीत झालेलं मशीन मग मॉनिटरच्या दुरुस्तीसाठी चारदा उघडावं लागतं आणि प्रत्येक वेळी नवा ओरखडा पडतो. पॅक-मॅनच्या बाजूचं चित्र मूळचं स्टिकर नव्हे. पिवळ्या रंगावर ते स्टेन्सिलने रंगवलेलं असतं. म्हणून खरं काम करायचं तर फुगलेलं लाकूड कापून नवं जोडायचं, भेगांत लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, पिवळा रंग फवारायचा आणि मग एकेका रंगासाठी वेगळं स्टेन्सिल चिकटवायचं. स्टेन्सिलचा संच १०० ते १५० डॉलर, रंग आणि बाकी साहित्य ६० ते १०० डॉलर. व्हिनाइलचं छापील चित्र लवकर लागतं, पण जवळून पाहिलं की कळतं.

आणि मूळ रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर? तर कृपा करून तो घासून काढू नका. सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं आणि धीर, इतकंच वापरा. अमेरिकन आर्केडमध्ये लोक सिगरेट ओढत खेळत, त्या सिगरेटचे भाजके डाग कंट्रोल पॅनेलवर असतात. कुणाच्या तरी हाताने पॉलिश झालेली कड असते. हे पुन्हा तयार करता येत नाही. न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयात जुनी मशीनं पाहायला मिळतात. जमलं तर काम सुरू करण्याआधी तिथे किंवा न्यू हॅम्पशरच्या फनस्पॉट आर्केडमध्ये जाऊन खरा रंग, खरी झीज डोळ्यांत भरून घ्या. शिकागोजवळ राहणाऱ्यांना ब्रुकफील्डच्या गॅलपिंग घोस्ट आर्केडमध्ये शेकडो मशीनं चालू अवस्थेत दिसतील.

बाकीचं भराभर सांगतो. कडेची प्लास्टिकची पट्टी, टी-मोल्डिंग, पूर्ण मशीनसाठी २५ ते ४० डॉलर. वरची उजळणारी पट्टी, पडद्यापुढची छापील काच आणि चौकट मिळून १२० ते २०० डॉलर. कंट्रोल पॅनेलचं आवरण ३० ते ५० डॉलर. जॉयस्टिक चार दिशांचीच घ्या. आठ दिशांची बसवलीत तर वळणावर पॅक-मॅन अडखळतो आणि दोष बोर्डाला दिला जातो. मूळ जॉयस्टिकच्या लीफ स्विचच्या पात्या जाड कागद घासून साफ केल्या आणि हलक्या वाकवल्या की पुष्कळदा नवीन घ्यावीच लागत नाही. कॉइन दाराचा काळा रंग, दोन कुलपं, आतले छोटे दिवे मिळून ४०-५० डॉलर.

आता बेरीज. ६५० डॉलरला घेतलेलं, ट्यूब आणि लाकूड बरं असलेलं मशीन धरा. मॉनिटरचे भाग ७५, कनेक्टर आणि वीजजोडणी ५०, बोर्ड दुरुस्ती १२५, नियंत्रणं ८०, काच आणि पट्ट्या १९०, रंग आणि स्टेन्सिल २००, कॉइन दार ४५, व्हॅनचं भाडं आणि किरकोळ १००. एकूण १,५१५ डॉलर, आणि हे सगळं स्वतःच्या हाताने. मॉनिटर आणि रंगकाम बाहेर दिलं तर २,००० सहज ओलांडतात. ट्यूब गेलेली किंवा लाकूड फुगलेलं निघालं तर आणखी ३०० ते ५००. मल्टिमीटर, बरं सोल्डरिंग आयर्न, पाने यांचे शंभरेक डॉलर वेगळे धरा, ते पुढच्या मशीनलाही उपयोगी पडतील. हाती १,५०० असतील तर ५०० च्या वरचं मशीन घेऊ नका. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा खरेदीला आणि बाकी दुरुस्तीला, एवढं धरलं की सहसा अर्ध्यावर थांबावं लागत नाही. आणि खर्चाचा क्रम असा ठेवा: वीज, बोर्ड, मॉनिटर, नियंत्रणं, मग लाकूड आणि चित्रं. पैसे संपले तरी क्रमाने आलात तर मशीन खेळण्याजोगं उभं असतं, रंग पुढच्या वर्षी देता येतो.

महाराष्ट्रात हे काम करायचं असेल तर आधी मशीन कुठलं, याचा विचार करा. अमेरिकेतून अख्खं मशीन आणणं मला शहाणपणाचं वाटत नाही. जहाजाचं भाडं, कस्टम ड्युटी आणि जुन्या वस्तूंच्या आयातीवरची बंधनं मिळून किंमत कुठल्या कुठे जाते. तरी आणायचंच असेल तर पैसे भरण्याआधी कस्टम एजंटशी बोला. त्यापेक्षा आपल्याच व्हिडिओ गेम पार्लरमधली मशीनं शोधा. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात आणि तालुक्याच्या गावांतही जी मशीनं होती, त्यातली बरीच इथल्याच सुतारांनी सनमायका लावून बनवलेली, टीव्हीची पिक्चर ट्यूब बसवलेली होती. त्यांच्यावर कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स (१९९३) चाले, जो सगळी मुलं मुस्तफा म्हणून ओळखत. अशी खोकी आज गोदामात किंवा भंगारवाल्याकडे पडून असतात. त्यांना कलेक्टरांच्या बाजारात भाव नाही, म्हणून ती वेगाने नष्ट होत आहेत. माझ्या दृष्टीने पॅक-मॅनइतकीच ती जपण्यासारखी आहेत.

त्यांच्या बाबतीत खर्चाची बाजू सोपी आहे. सुतार आणि रंगारी मिळतात. जुना टीव्ही मेकॅनिक मिळाला तर मॉनिटरचं काम तो तुमच्यासमोर करतो, आणि कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, कधी ईएचटीसुद्धा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळून जातात. या मेकॅनिक मंडळींपैकी बरेच आता वयस्क आहेत, तेव्हा काम पुढे ढकलू नका. तारांची जोडणी बहुधा जॅमा पद्धतीची असते. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये ठरवलेली ही ५६ टोकांची जोडणी, त्यामुळे एक बोर्ड काढून दुसरा लावणं मिनिटाचं काम. महाग पडतो तो अस्सल बोर्ड. पार्लरमध्ये बहुतेक नकली बोर्ड चालत, आणि ते जसेच्या तसे दुरुस्त करून ठेवणंही त्या काळाशी प्रामाणिकच आहे.

अमेरिकन मशीन कुणाच्या घरसामानातून आलंच असेल तर एक काळजी घ्या. ते ११०-१२० व्होल्टचं असतं. बाजारात मिळणारे स्वस्त स्टेप-डाउन बहुधा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज उतरवतात, पण मुख्य विजेपासून वेगळेपण देत नाहीत. म्हणून मशीनमधला मूळ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर काढू नका. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर तिच्यावर जास्त तापतो. भार मोजून, थोडा मोठ्या क्षमतेचा स्टेप-डाउन घ्या आणि पहिल्या दिवशी तासाभराने ट्रान्सफॉर्मरला हात लावून पाहा. अर्थिंग नीट नसलेल्या सॉकेटवर हे मशीन लावू नका. कोकण-गोव्याच्या दमट हवेत भुशाच्या फळीचं खोकं भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून दोन-तीन इंच उंच ठेवा.

मशीन उभं राहिल्यावरही खर्च थांबत नाही, फक्त लहान होतो. पहिल्या वर्षासाठी शंभर-दीडशे डॉलर किंवा आठ-दहा हजार रुपये बाजूला ठेवा. नव्याने चालू झालेल्या जुन्या यंत्रात जो भाग बदलला नव्हता, तो पुढच्या काही महिन्यांत जायची शक्यता असते. आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवा, कारण कंडेन्सर पडून राहिले की लवकर मरतात. दर सहा महिन्यांनी मागचं दार उघडून मऊ ब्रशने धूळ काढा, बोर्डाजवळ ५ व्होल्ट नीट पोहोचतायत का ते मोजा, आणि कनेक्टरच्या पिना काळ्या पडतायत का ते पाहा. केलेल्या प्रत्येक बदलाची तारीख आणि भागाचा क्रमांक एका वहीत लिहून ती वही मशीनच्या आतच ठेवा. पुढे मशीन ज्याच्या हाती जाईल, त्याच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च ती वही वाचवेल.